हुल्दा हजर, चष्मेवाले गैरहजर

माणूस आला म्हणजे हजर झाला, असं मावशीच्या लेखी कधीच नव्हतं.

हातमोज्यांच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं हजेरी मांडली. फाटकाशेजारी तिची खिडकी होती, आणि त्या खिडकीतून लोकांना तिचा उजवा हात आणि चष्मा एवढंच दिसायचं. सकाळी लोक आत जाताना ती काही लिहायची नाही, नुसती बघायची. संध्याकाळी टोपल्यांपाशी जायची, मोजे उलटेपालटे करायची, अंगठे सरळ बसलेत का बघायची, आणि मग वही उघडायची. "बूड आलं ते मला सांगू नका," म्हणायची. "हात आले होते का, ते बोला."

अंगठे शिवणारा एक म्हातारा कारागीर एकदा दुपारच्या सुटीत भिंतीला टेकून बसला, तो बसलाच. सगळा कारखाना गोळा झाला, कोणी डोळे पुसतंय, कोणी पाणी आणतंय. मावशीनंही डोळे पुसले आणि मग त्याची टोपली मोजली. दिवसाचे बत्तीस जोड व्हायला हवेत, निघाले चाळीस. तिनं त्याला त्या दिवशी पूर्ण हजर मांडलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्याला पुरलं त्या दिवशी, वरच्या आठ जोडांपोटी पाव दिवस मांडलं.

उलट मॅनेजर सलग अकरा दिवस गैरहजर. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"अहो बाई, मी रोज इथं या खुर्चीत असतो."

"असता की. मी कुठं नाही म्हणते? काय केलंत तेवढं सांगा, लगेच मांडते."

मॅनेजर विचार करत बसले. संध्याकाळपर्यंत त्यांना काही आठवेना. बारावा दिवसही गैरहजर.

अशी ही बाई निवृत्त झाली आणि थोरल्या बहिणीबरोबर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहू लागली. थोरलीला सगळे आक्का म्हणायचे. आक्कानं जन्मभर लोकांचे कपडे शिवले, मशीन पायानं हाणली, आणि त्यात दोन्ही गुडघे कामातून गेले. दवाखान्यातून मोठ्या चाकांची खुर्ची मिळत होती, पण आक्कानं ती नाकारली. म्हणाली, "त्या खुर्चीत बसलं की लोक आपल्याशी हळू आवाजात बोलायला लागतात." म्हणून मावशीनं एका बंद पडलेल्या कचेरीतली खुर्ची आणली. पाच छोटी चाकं, काळं रेक्झिन, आणि मधल्या दांड्यावर गरगर फिरणारी. मावशी ढकलायची एकीकडं, खुर्ची तोंड करायची भलतीकडं. आक्का कुठंही गेली तरी बहुतेक वेळा पाठमोरी पोचायची, आणि पोचल्यावर मान वळवून सगळ्यांना म्हणायची, "आले हं."

जायचं तरी कुठं लांब? गल्लीच्या पलीकडं एक खोली होती. आधी तिथं सायकलींचं दुकान होतं, भिंतीला टायर अडकवायचे हुक अजून तसेच होते. त्या खोलीत दर रविवारी नऊ माणसांची मंडळी उपासनेला जमायची. उपासना चालवणारा पाळक, चष्म्याच्या दुकानाचे मालक, पाव भाजणारं एक जोडपं, तीन म्हाताऱ्या आणि या दोघी बहिणी. खोलीला उंबरा नव्हता. आक्काच्या दृष्टीनं हा त्या खोलीचा सगळ्यात मोठा गुण. मोठं चर्च गावाच्या टेकाडावर होतं, घंटा, रंगीत काचा, सगळं काही तिथं होतं. पण बेचाळीस पायऱ्या होत्या.

एक दिवस मुख्य कचेरीतून पत्र आलं. ज्या मंडळीत तीन महिन्यांची सरासरी हजेरी पंधराच्या खाली जाईल, ती मंडळी मोठ्या चर्चमध्ये विलीन करण्यात येईल. सोबत एक छापील हजेरीवही.

पाळकानं पत्र वाचून दाखवलं. हा पाळक मोठा भिडस्त माणूस. प्रार्थनेत देवालासुद्धा "आपल्याला सवड असेल तर" म्हणायचा. पत्र संपलं तशी त्यानं घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी घातली.

"नऊ आणि पंधरा," पाव भाजणारी म्हणाली. "सहा कमी पडतात."

"आणि मी?" आक्का म्हणाली. तिचं तोंड त्या वेळी हुकांकडं होतं. "मला त्या बेचाळीस पायऱ्या कोण चढवणार? लग्नाआधी मी त्या एका दमात चढायचे, ते सोडा. आता मला घरात चौरंगावर पाय ठेवता येत नाही. खोली गेली म्हणजे माझं चर्च गेलं."

पाळकानं हजेरीवही मावशीच्या हातात दिली. "तुम्हाला अनुभव आहे," म्हणाला. आपण काय करून बसलो याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

त्याच सुमारास पाळकानं रविवारच्या बोधासाठी एक विषय धरला होता, शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या बायका. कारण विचारलं तर म्हणाला, "मोठ्या लोकांवर मोठ्या चर्चमध्ये बोलतात. आपण लहान, तर लहानांवर बोलू."

पहिल्या रविवारी त्यानं रिस्पा घेतली. शौल राजाची ही उपपत्नी. राजा मेला, आणि त्यानं केलेल्या रक्तपाताची भरपाई म्हणून तिचे दोन मुलगे आणि आणखी पाच जण डोंगरावर टांगले. पुरलेसुद्धा नाहीत. रिस्पानं एक तरट घेतलं, खडकावर अंथरलं आणि तिथं बसली. दिवसा पाखरांना प्रेतांवर उतरू देईना, रात्री जनावरांना जवळ येऊ देईना. कापणी सुरू झाली तेव्हा बसली ती पाऊस पडेपर्यंत.

मावशीनं हात वर केला. "एकटीच?"

"एकटीच."

"बदली माणूस नाही?"

"नाही, मावशी."

"म्हणजे दिवसपाळी पण आणि रात्रपाळी पण."

"हो. तसंच म्हणावं लागेल."

"आणि कुठं मांडलं नाही कोणी?"

"शेवटी दावीद राजाच्या कानावर गेलं. त्यानं हाडं गोळा करून रीतसर पुरली."

"ते हाडांचं झालं. बाईचं काय?"

पाळकानं पान उलटलं, मागं आला, पुन्हा पुढं गेला. पुढं बाईचं काही नव्हतं.

त्या दिवशी मावशीनं वही उघडली. नऊ नावं होती. दहाव्या ओळीत तिनं सावकाश लिहिलं: रिस्पा. हजर. आणि शेवटच्या रकान्यात: दोन्ही पाळ्या.

घरी आक्कानं वही बघितली. "हे काय गं?"

"काम केलंय तिनं."

"तीन हजार वर्षं होऊन गेली त्याला."

"मग उशीरच झाला म्हणायचा मांडायला."

पुढच्या रविवारी शिप्रा आणि पुवा आल्या. या मिसरातल्या सुइणी. तिथल्या राजानं, फारोनं, फर्मावलं की इब्री म्हणजे यहुदी बायकांना मुलगा झाला तर जागच्या जागी मारा. यांनी मारले नाहीत, आणि राजाला तोंडावर सांगितलं की इब्री बायका दणकट, आम्ही पोचायच्या आतच बाळंत होऊन बसतात. मावशी इतकी खूश झाली की घरी जाईपर्यंत ते वाक्य घोळवत होती. दोघी हजर. मग हुल्दा आली. मंदिरात सापडलेला ग्रंथ खरा की खोटा, पुढं काय होणार, हे राजाच्या मोठमोठ्या माणसांना कळेना, तेव्हा ते सगळे या बाईच्या दारात आले, आणि तिनं जे होतं ते सांगून टाकलं, राजाला बरं वाटेल का बघितलं नाही. हजर. मग एकाच रविवारी सलाफहादाच्या पाच मुली. बाप गेला, भाऊ नाही, तर जमीन दुसऱ्यांना का, असं पाचही जणींनी थेट पुढाऱ्यासमोर, मोशेसमोर, उभं राहून विचारलं, आणि देव म्हणाला, पोरींचं बरोबर आहे. मावशीला पाचही नावं लिहायची होती. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. वहीचं पान भरलं.

दुर्कसच्या वेळी अडचण आली. ही विधवांना अंगरखे शिवून देणारी, त्यामुळं आक्काची फार लाडकी.

"ही मधे मेली होती ना?" मावशी म्हणाली. "सेवेत खंड धरावा लागेल."

"पेत्रानं प्रार्थना करून जिवंत उठवली तिला," पाळक म्हणाला.

"मेली ते स्वतःच्या मर्जीनं मेली का?"

"नाही. आजारी पडली."

"मग आजारपणाची रजा," मावशी म्हणाली आणि हजर मांडलं.

खरं भांडण झालं ते रुदावरून. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटून दार ठोठावतोय, ही दासी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते.

"अर्धा दिवस," मावशी म्हणाली. "दार उघडायचं काम होतं. उघडलं नाही."

आक्कानं पायानं खुर्ची गर्रकन वळवली. "आत जमलेले सगळे काय करत होते गं? पेत्र सुटू दे, पेत्र सुटू दे म्हणून देवाला आळवत होते. आणि सुटला तर काय म्हणाले? तुला वेड लागलंय. एवढ्या प्रार्थनेवाल्यांत एकटीनं खरं मानलं. तिला तू अर्धा दिवस देतेस?"

मावशी बराच वेळ पेनचं टोपण चावत बसली. "रुदाला पूर्ण," म्हणाली. "आतले सगळे गैरहजर."

"आतले आपल्या वहीत नाहीत."

"ठाऊकाय मला. मनात मांडले."

शेवटी आली ती एक बिननावाची. राजा अबीमलेख बुरुजाला आग लावायला आला तेव्हा वरून जात्याची तळी त्याच्या डोक्यात घालणारी. नाव नाही म्हणून मावशीनं 'जातेवाली' असं लिहिलं. आमच्या कारखान्यातही निम्म्या बाया अशाच नावानं होत्या, म्हणाली.

झाल्या बारा.

आता बारा बायका येऊन बसल्या तरी वहीत नऊ जिवंत माणसांचं काय चाललंय, हे कोणी बघितलं नव्हतं. ते चष्मेवाल्यांनी बघितलं. चष्मेवाले मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, पहिल्या रांगेत बसायचे आणि पहिल्या गाण्यानंतर झोपायचे. चष्मा इतका चकचकीत की पाळकाला ते लक्ष देऊन ऐकतायत असंच वाटायचं. त्यांनी सहज म्हणून वही उघडली आणि स्वतःच्या नावापुढं सात रविवार गैरहजर वाचलं.

"मावशी, हे काय लावलंय? मी समोर बसलेलो असतो."

"बसलेले असता."

"मग?"

"मग काय? बसलेले असता."

"ती हुल्दा हजर आणि मी गैरहजर?"

"तुम्ही या आठवड्यात काय केलंत सांगा ना. मी काय तुमची वैरीण आहे? सांगा, मांडते."

चष्मेवाले लाल झाले. म्हणाले, पाळकाकडं जाईन, कचेरीत जाईन. कुठंच गेले नाहीत. पण पुढच्या रविवारी आले ते थेट मावशीपुढं उभे राहिले. "कोपऱ्यावरच्या त्या म्हातारीला तीन वर्षं वाचता येत नव्हतं. भिंगं चुकीची होती. बदलून दिली, फुकट. मांडा."

मावशीनं मांडलं. चष्मेवाले उपासनाभर जागे राहिले, आपलं नाव पुसलं जात नाही ना हे बघायला.

त्यांचं बघून बाकीच्यांनाही राहवेना. मेलेल्या बायका दर आठवड्याला हजर, आणि आपण धडधाकट गैरहजर, हे बरं दिसत नव्हतं. पाव भाजणारा शेजारच्या आजाऱ्याला रोज सकाळी पाव पोचवू लागला. तीन म्हाताऱ्यांपैकी दोघींची आपसात पंधरा वर्षं बोलचाल नव्हती, त्यांनी ती सुरू केली आणि दोघी मिळून वहीपाशी आल्या. मावशीनं दोघींना विचारलं, "आधी कोण बोललं?" आणि जी आधी बोलली तिला पूर्ण, दुसरीला अर्धा. त्यावरून त्या पुन्हा अबोला धरतील असं वाटलं होतं, पण धरला नाही. पाळक स्वतः दोनदा गैरहजर लागला, आणि तिसऱ्या आठवड्यात प्रार्थनेत देवाला सवडीचं विचारायचं विसरला.

सरासरी सोळाच्या वर गेली. मुख्य कचेरीला ही उडी जरा जास्तच वाटली, आणि तपासनीस आला.

तपासनीस थकलेला माणूस होता. बूट पायाला लागत होते, हे तो आत येताच सगळ्यांना कळलं. त्यानं डोकी मोजली. नऊ. वही उघडली. एकवीस नावं. पुन्हा डोकी मोजली.

"रिस्पा कोण?"

"हजर," मावशी म्हणाली.

"कुठं आहेत?"

मावशीनं त्याला डोंगर, तरट, पाखरं, सगळं सांगितलं. तपासनिसानं ऐकून घेतलं. मग एकेक नाव वाचत गेला आणि पाळक एकेकीची कथा सांगत गेला. सलाफहादाच्या मुलींपाशी चष्मेवाल्यांना राहवलं नाही.

"पाचही जणींच्या नावावर जमीन आहे साहेब. माझ्या दुकानाची जागासुद्धा माझ्या नावावर नाही."

"आणि ही जातेवाली? हे काम म्हणून मांडलंत तुम्ही?"

"जात्याची तळी एकदा डोक्याच्या वर उचलून बघा," मावशी म्हणाली, "आणि मग विचारा."

तपासनिसानं कपाळ चोळलं. "हे बघा, या बाया हयात नाहीत. नावं कमी करावी लागतील." त्यानं नियमांचा कागद काढला. कागद वाचला आणि त्याचा चेहरा पडला. "नाव कमी करायचं तर मृत्यूची तारीख लागते. रकाना सात."

"शास्त्रात तारखा नाहीत," पाळक म्हणाला.

"निदान मृत्यू झाला असं तरी लिहिलेलं असेल?"

पाळक बराच वेळ पानं चाळत होता. "रिस्पाचं नाही लिहिलेलं. हुल्दाचं नाही. सुइणींचं, देवानं त्यांची घरं वसवली, एवढंच."

"एखादी तरी?"

"दुर्कस. दुर्कस मेली असं स्पष्ट लिहिलंय."

तपासनिसानं सुस्कारा टाकला आणि पेन उघडलं.

"पण मग उठली," पाळक म्हणाला.

तपासनिसानं पेन मिटलं.

शेवटी त्यानं बूट काढले, खुर्चीवर रेलला आणि आवाज खाली आणला. "ताई, ही माझी अकरावी मंडळी. मला कोणाची खोली बंद करायची हौस नाही. इथं खाली एक ओळ आहे. 'वरील सभासद सदेह उपस्थित होते.' सही करा, मी सोळा लिहून घेतो आणि जातो. मी कोणाला उठवून बघणार नाही."

सगळे मावशीकडं बघत होते. आक्काची खुर्ची दाराकडं तोंड करून होती, तिनं मान वळवली.

"सही खोटी होईल," मावशी म्हणाली.

"अहो, सोळा तुम्हीच लिहिलेत," चष्मेवाले म्हणाले.

"लिहिलेत. ज्याचे हात आले त्याला लिहिलं मी, एकतीस वर्षं तेच लिहिलं. हे विचारतायत बूड आलं होतं का. रिस्पाचं बूड या खोलीत आलं नव्हतं. सदेह आम्ही नऊ."

"मावशी," पाळक हळूच म्हणाला, "आक्कांचा विचार करा."

मावशीनं आक्काकडं बघितलं नाही. नऊ लिहिलं, खाली सही केली, आणि वही तपासनिसाकडं सरकवली. त्यानं बूट घातले. दारातून बाहेर पडताना त्यानं मागं वळून "माफ करा" म्हटलं, ते नेमकं कोणाला, हे कळलं नाही.

महिन्याअखेर खोलीला कुलूप लागलं.

आक्का तीन दिवस बोलली नाही. तिला बोलायचं नसलं की ती खुर्ची भिंतीकडं वळवून बसायची. जेवण भिंतीकडं, चहा भिंतीकडं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीलाच म्हणाली, "तीन हजार वर्षांपूर्वीच्या बायकांना सढळ हातानं दिलंस. सख्ख्या बहिणीपाशी मात्र तुझं पेन अडलं."

"खोटं लिहून तुला त्या खोलीत बसवलं असतं, तर तू बसली असतीस?"

"बसले असते," आक्का म्हणाली. "तुला शिव्या देत बसले असते, पण बसले असते."

मावशीनं कपबशा विसळल्या. विसळलेल्या पुन्हा विसळल्या.

रविवारी सकाळी आक्कानं खुर्ची वळवली. "चल. मला पायऱ्यांपाशी ने."

"वर कसं चढवू मी तुला? एकटी आहे मी."

"वर कोण म्हणतंय? खाली सोड मला. मी बसते."

"किती वेळ?"

"ते रिस्पाला विचारलं होतंस का?"

तर मावशीनं तिला ढकलत टेकाडाच्या पायथ्याशी नेलं. तिथं जमीन रस्त्याकडं उतरती, आणि खुर्चीला ब्रेक नावाची गोष्ट नाही. मावशीनं हात सोडले तर आक्का थेट चौकात. त्यामुळं मावशी दोन्ही हातांनी पाठ धरून उभी, आणि आक्का पायऱ्यांकडं पाठ करून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना तोंड देऊन बसलेली. वरून गाणं ऐकू येत होतं. आक्कानं खालून धरलं, अर्ध्या ओळीनं मागं.

मोठ्या चर्चचा दारावरचा माणूस खाली उतरला. "आजी, इथं वाट अडतेय."

"कुठं अडतेय? बाजूनं चाललेत की सगळे."

"किती वेळ बसणार आहात?"

"तुमचं वर किती वेळ चालतं?"

"दीड तास."

"मग तेवढाच. मी काय जास्त मागतेय का?"

तो विचार करत बेचाळीस पायऱ्या परत चढला.

दुसऱ्या रविवारी पाळक आला, चष्मेवाले आले, बाकीचे आले. सगळ्यांना वर जायला परवानगी होती, कचेरीचं पत्र होतं तसं. पण आक्का खाली बसलेली असताना तिच्यावरून चढून जायचं कोणाच्या पायांना जमेना. पाळक दुसऱ्या पायरीवर उभा राहून बोलू लागला.

आणि मग एक वेगळीच गोष्ट उघडकीला आली. एक काठीवाले आजोबा येऊन थांबले, म्हणाले, "जरा दम घेतो." त्यांनी तासभर दम घेतला. मग कबूल केलं की सहा वर्षं झाली, ते एकोणिसाव्या पायरीच्या वर गेलेलेच नाहीत. दर रविवारी तिथपर्यंत चढायचे, कठड्याला टेकून गाणं ऐकायचे आणि घरी जायचे. घरी सुनेनं विचारलं की बोध कशावर होता, तर म्हणायचे, "प्रेमावर." ते कधी चुकलं नाही.

हे ऐकून वरच्या वळणावरच्या कोनाड्यातून एक बाई खाली आली. तिचं दुखणं बाराव्या पायरीचं. मग नवव्या पायरीचे दोघे भाऊ. मग सव्विसाव्या पायरीचे एक निवृत्त शिक्षक, ते सगळ्यांत उंच, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात जरा तोरा होता. बेचाळीस पायऱ्यांवर एक अख्खी मंडळी अडकून बसलेली, प्रत्येकाला वाटायचं आपण एकटेच. वरच्यांना वाटायचं हे खालचे, खालच्यांना वाटायचं हे वरचे. सहाव्या रविवारी पायथ्याशी सत्तावीस माणसं जमली. त्यांचं गाणं इतकं वर जाऊ लागलं की मोठ्या चर्चनं कचेरीत तक्रार केली की आमच्या गाण्यात खालचं गाणं मिसळतंय.

तक्रार आली म्हणून तपासनीस आला. बूट तेच. त्यानं डोकी मोजली, एकदा खालून, एकदा पाचव्या पायरीवरून. दोन्ही वेळा सत्तावीस. मावशीपाशी आला.

"खोली परत मिळणार नाही," म्हणाला. "ती भाड्यानं गेली. पण पायथ्याला शाखा म्हणून नोंद होऊ शकते, पंधराच्या वर असतील तर. ती पलीकडची मोडक्या बाकांची शेड रिकामी करून मागता येईल. सही तेवढी हवी. सदेहची."

"ही करते," मावशी म्हणाली. "पण हात मोकळे नाहीत."

"म्हणजे?"

"सोडलं तर बहीण चौकात जाईल."

तपासनिसानं रस्त्याचा उतार बघितला, चाकं बघितली. "द्या, मी धरतो."

त्यानं कागद मावशीला दिला आणि खुर्चीची पाठ धरली. मावशीनं आधी सत्तावीस जणांकडं एकदा नीट बघून घेतलं, मग चष्मेवाल्यांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. त्या पाठमोऱ्या अवस्थेतही चष्मेवाल्यांनी विचारलं, "मी धरलाय ना यात?" मावशी म्हणाली, "सदेह आहात. हललात तर सही बिघडेल."

"आणि तुमच्या त्या बाया?" तपासनिसानं विचारलं.

"त्या माझ्या वहीत आहेत. तुमच्या कागदात मावत नाहीत."

मग मावशीनं पेन खिशात ठेवलं, हाताची बोटं उघडमिट केली, कारण सहा आठवड्यांत ती रविवारी पहिल्यांदाच मोकळी झाली होती, आणि पहिल्या पायरीवर काठीवाल्या आजोबांशेजारी जाऊन बसली. गाणं सुरू झालं होतं. तीही गाऊ लागली.

तपासनीस खुर्ची धरून उभा राहिला. सोडावी तर उतार. मावशीला हाक मारावी तर गाणं. त्यानं बूट चाकाला अडवून बघितला, बूट सरकला. बॅग खाली ठेवायला हात नव्हता म्हणून ती काखेत. त्याला अजून एका मंडळीला जायचं होतं, दुपारच्या आत. उपासना संपायला पाऊण तास होता.

"अहो," आक्का म्हणाली.

"काय?"

"जरा फिरवा मला. सहा आठवडे झाले, मला नुसता रस्ता दिसतोय."

त्यानं खुर्ची फिरवली, सावकाश, दोन्ही पाय रोवून. आक्काला पाळक दिसला, पायऱ्या दिसल्या, पायऱ्यांवरची माणसं दिसली.

"बास," आक्का म्हणाली. "आता अस्सं धरून ठेवा."

त्यानं धरून ठेवली.